धालसिम: लांब हातांचा योगी कसा घडला, कसा रंगवला आणि कसा खेळायचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायटिंग गेममधलं भारतीय पात्र म्हटलं की पहिलं नाव धालसिमचंच येतं. हात-पाय रबरासारखे लांबवणारा, तोंडातून आग ओकणारा, मांडी घालून हवेत तरंगणारा हा योगी. त्याच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शेवटचे काही प्रश्न स्वतःचं पात्र बनवू पाहणाऱ्यांसाठी आहेत.

धालसिम पहिल्यांदा कुठे आला?

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर 2' मध्ये, 1991 साली, नाणं टाकून खेळायच्या आर्केड मशीनवर. 1987 च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये तो नव्हता. दुसऱ्या भागात खेळायला आठ पात्रं होती: र्‍यू, केन, होंडा, चुन-ली, ब्लांका, झँगिफ, गाइल आणि धालसिम. त्या गेमच्या आखणीत अकिरा निशितानी आणि चित्रकार अकिरा यासुदा ही दोन नावं प्रमुख. यासुदा 'अकिमान' या टोपणनावाने जास्त ओळखले जातात.

पुढे 'स्ट्रीट फायटर अल्फा 2', 'अल्फा 3', 'स्ट्रीट फायटर 4', '5' आणि जून 2023 मध्ये आलेला '6' या सगळ्यांत तो आहे. 'स्ट्रीट फायटर 3' च्या मालिकेत मात्र नाही. तिथे लांब हातांचं काम नेक्रो नावाच्या रशियन पात्राकडे दिलं होतं.

त्याचे हात-पाय लांब का केले?

आठ पात्रांना आठ वेगळे स्वभाव हवे होते, आणि फायटिंग गेममध्ये स्वभाव म्हणजे अंतर. कोण कुठून मारू शकतो, यावर सगळा खेळ ठरतो. झँगिफला अंगाला भिडावं लागतं. गाइल मागे बसून वाट बघतो. र्‍यू मधल्या अंतरावर रमतो. या पटावर एक जागा रिकामी होती: जो अर्ध्या पडद्यावरून नुसता हात पुढे करून मारेल आणि समोरचा जवळ आला की अडचणीत येईल असा. ती जागा धालसिमने भरली.

कल्पना आभाळातून पडली नव्हती. 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' या 1976 च्या कुंग-फू चित्रपटात हात लांबवून लढणारा एक भारतीय योगी आहे. तो पाहिला की धालसिमचा पूर्वज समोर दिसतो. म्हणजे हा योगी भारतातून थेट जपानला गेला नाही, वाटेत पूर्व आशियातल्या मारधाडपटांतून फिरून आला. त्याच्या चित्रणातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा इथेच होतो.

लांब हात म्हणजे निव्वळ फायदाच ना?

नाही. धालसिमच्या रचनेचं खरं कौतुक इथेच आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

फायटिंग गेममध्ये दिसणारं चित्र आणि लागणारा मार या दोन वेगळ्या गोष्टी असतात. चित्रावर अदृश्य चौकोन ठेवलेले असतात. ज्या चौकोनाने मार लागतो तो हिटबॉक्स. ज्या चौकोनाला मार लागू शकतो तो हर्टबॉक्स. पंच मारताना मुठीवर हिटबॉक्स येतो, पण मुठीमागच्या हातावर हर्टबॉक्सही येतो. र्‍यूचा हात आखूड, त्यामुळे त्याचा उघडा पडणारा भागही थोडाच. धालसिमने अर्ध्या पडद्यावर हात फेकला की तेवढं अंग त्याने समोरच्याच्या पुढ्यात नेऊन ठेवलेलं असतं. समोरच्याने योग्य वेळी खालून वर जाणारा एखादा पंच मारला, तर तो धालसिमच्या हातालाच लागतो. धालसिम चार पावलं लांब उभा असूनही मार खातो.

दुसरी किंमत वेळेची. हे गेम सेकंदाला 60 फ्रेम चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची. प्रत्येक माराचे तीन तुकडे असतात: तयारी, प्रत्यक्ष मार आणि हात परत घेणं. उदाहरणादाखल धरा, लांब जोरदार पंचाची तयारी 12 फ्रेम, मार 4 फ्रेम, परतणं 20 फ्रेम. एकूण 36 फ्रेम, म्हणजे 0.6 सेकंद. पंच लागला तर उत्तम. पण समोरच्याने तो पंच सुटायच्या आधीच उडी मारली असेल, तर धालसिमचा हात अजून परत येतोय आणि वरून लाथ डोक्यावर पडतेय. खालचा हात चुकीचा होता असं नाही, तो चुकीच्या क्षणी फेकला एवढंच.

या दोन किमती नसत्या तर धालसिम हा गेम मोडणारं पात्र ठरला असता. त्या भरपूर आहेत म्हणून तो अवघड आणि सुंदर आहे. शिवाय त्याची उडी संथ, चालणं संथ, आणि 'स्ट्रीट फायटर 4' मध्ये र्‍यूची मार सोसायची ताकद 1000 असताना याची 900.

1991 च्या मशीनमध्ये एवढे लांब हात बसवले कसे?

'स्ट्रीट फायटर 2' कॅपकॉमच्या सीपीएस-1 या बोर्डवर चालायचा. पडदा 384 बाय 224 पिक्सेलचा. पात्रांची चित्रं 16 बाय 16 पिक्सेलच्या फरश्या जोडून बनायची आणि एका फरशीला 16 रंगांचा एक संच, त्यातला एक पारदर्शक, म्हणजे हाताशी 15 रंग. समजा 112 पिक्सेल लांब हात काढायचा आहे, तर आडव्या ओळीत 7 फरश्या लागतील. पण त्या हाताच्या वर-खाली काहीच नाही. अख्खं चित्र चौकोनी साठवलं तर बहुतेक जागा रिकामी जाते. फरश्यांचा फायदा असा की रिकाम्या फरश्या साठवायच्याच नाहीत. फक्त हात आणि धड जिथे आहे तिथल्याच ठेवायच्या.

आणखी एक काटकसर हाताने काढलेल्या चित्रांच्या सगळ्याच गेममध्ये दिसते: हात बाहेर जाताना जी मधली चित्रं वापरली, तीच परत येताना उलट्या क्रमाने. पूर्ण ताणलेल्या हाताचं चित्र एकच, पण ते जास्त फ्रेम पडद्यावर ठेवायचं. डोळा तेच लक्षात ठेवतो.

आवाजासाठी वायएम2151 ही कृत्रिम सूर घडवणारी एफएम चिप आणि बोललेल्या आवाजासाठी ओकी कंपनीची एमएसएम6295. या गेमचं बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांचं आहे. धालसिमच्या धुनेतला तंतुवाद्यासारखा झणकार खऱ्या सतारीचा नाही, एफएम चिपने घडवलेला आहे. 'योगा फायर' ही आरोळी मात्र ध्वनिमुद्रित आहे, दुसऱ्या चिपवरून वाजणारी.

हे चित्रण खरंच भारतीय आहे का?

अर्धंमुर्धं. अर्धं कुठलं आणि मुर्धं कुठलं, ते वेगवेगळं पाहायला हवं.

त्याचा रंगमंच बघा: राजवाड्यासारखी जागा, दोन्ही बाजूंना सोंडा उंचावून ओरडणारे हत्ती, मधोमध गणपतीचं चित्र असलेला पडदा. गणपतीसमोर मारामारी चाललीय हे मराठी डोळ्याला आधी खटकतं. पण तो पडदा काढणाऱ्याने मूर्तीचे बारकावे मन लावून काढलेले दिसतात. जपानमध्ये गणपती कांगितेन या रूपात शतकानुशतकं पूजला जातो, तेव्हा तो तिथे अगदीच परका नव्हता.

डोक्यावरचे तीन लाल पट्टे पाहून त्रिपुंड्र आठवतं. पण त्रिपुंड्र भस्माचं, पांढरं आणि कपाळावर आडवं असतं. धालसिमचे पट्टे लाल आहेत आणि कपाळाकडून टाळूकडे गेलेले आहेत. बुबुळं नसलेले पांढरे डोळे, फाटकी अर्धी चड्डी, हातात कडी. साधू, गारुडी, फकीर आणि सर्कशीतला अंग वळवणारा माणूस यांचं हे मिश्रण आहे, आणि ते लांबून पाहणाऱ्या माणसाने केलेलं आहे. त्या गेममध्ये प्रत्येक देशाचं असंच झालं: जपानचा सुमो, रशियाचा अस्वलांशी कुस्ती खेळणारा मल्ल, ब्राझीलचा हिरवा रानटी माणूस. ब्राझीलच्या मानाने आपल्या वाट्याला बरंच आलं, असं म्हणायला हरकत नाही. पण तुलना करून चूक बरोबर होत नाही.

जमलेली गोष्ट म्हणजे त्याचा स्वभाव. धालसिम शांतताप्रिय आहे, त्याला मारामारी आवडत नाही, आणि गावातल्या गरिबांसाठी पैसे मिळवायला तो लढतो. अहिंसा मानणारा माणूस स्पर्धेत का उतरला, हा पेच त्याच्यासोबत कायम आहे. बाकीच्या सात जणांपैकी कुणाच्या मनात असा सल नाही. वेष उसना असला तरी हा पेच आपल्याकडचा वाटतो.

गळ्यातल्या कवट्या कशाच्या?

कथेनुसार त्याच्या गावात रोगाची साथ आली, त्यात दगावलेल्या मुलांच्या कवट्या तो त्यांची आठवण म्हणून गळ्यात वागवतो. मुंडमाळ आपल्याला कालीच्या आणि भैरवाच्या गळ्यात, कापालिकांच्या वर्णनात माहीत आहे. तिथे ती मृत्यूवरच्या सत्तेची खूण असते. धालसिमच्या गळ्यात तीच वस्तू दुःखाची खूण होते. खूण ओळखीची, अर्थ नवा. हा बदल जाणूनबुजून केला असो वा नसो, परिणाम चांगला झाला. नुसती भीतिदायक दिसणारी माळ पात्राच्या मनाशी जोडली गेली.

तो संन्यासी आहे की संसारी?

संसारी. बायको आहे, तिचं नाव इंग्रजी आवृत्तीत सॅली. मुलाचं नाव दत्ता! महाराष्ट्रात गल्लीगल्लीत सापडेल असं हे नाव एका जपानी गेममध्ये 1990 च्या दशकात येऊन बसलं, याचं मराठी खेळाडूंना आजही अप्रूप वाटतं. योगी म्हणजे घरदार सोडलेला, ही समजूत परदेशी चित्रणात पक्की असते. धालसिम ती मोडतो. संसारात राहून परमार्थ करणारे एकनाथ आणि तुकाराम ज्यांना घरचे, त्यांना यात काही विचित्र वाटणार नाही.

योगात आग ओकणं कुठून आलं?

योगाभ्यासातून नक्कीच नाही. पतंजलीच्या सूत्रांत सिद्धींची यादी आहे, त्यात अणूएवढं लहान होणं, आकाशातून जाणं असं बरंच येतं, आणि धालसिमचं तरंगणं किंवा एका जागी नाहीसं होऊन दुसरीकडे उमटणं त्या धाग्याला धरून आहे. आग मात्र खेळाची गरज आहे. लांब हात हवेत उडी मारणाऱ्याला अडवायला पुरत नाहीत आणि जमिनीवरून सरपटत येणाऱ्यावर दबाव ठेवायलाही काहीतरी फेकून मारायचं लागतं. कथेत त्याला अग्निदेवाच्या भक्तीची जोड दिली आहे.

त्याचं रूप आता बदललंय ना?

हो, आणि चांगल्यासाठी. 'स्ट्रीट फायटर 5' (2016) मध्ये त्याला लांब पांढरी दाढी आणि पगडी आली. शरीर तेच हडकुळं, पण चेहरा आता गुरुजनासारखा वाटतो. 'स्ट्रीट फायटर 6' मध्ये तेच वय पुढे नेलं आहे आणि त्याच्या नावाचं मंदिरच रंगमंच म्हणून आहे. आधीचं पात्र पाहून 'हा काय प्रकार?' वाटायचं, आताचं पाहून 'हे कुणीतरी म्हातारे बुवा आहेत' असं वाटतं. पगडी बांधण्याची तऱ्हा अजून कुठल्याच प्रांताची नाही, तेवढं राहिलंच.

चित्रपटांत धालसिम कुणी केला?

1994 च्या इंग्रजी चित्रपटात रोशन सेठ यांनी. पण तिथे तो योगी नाही, जबरदस्तीने कामाला जुंपलेला शास्त्रज्ञ आहे. पडद्यावर हात लांबवणं त्या काळी परवडणारं नव्हतं, तरी पात्राची ओळखच काढून घेतली गेली. 2025 मध्ये जाहीर झालेल्या नव्या चित्रपटाच्या कलाकारांत धालसिमसाठी विद्युत जामवालचं नाव आहे.

'योगा फायर' मारायला गेलं की 'योगा फ्लेम'च का निघतो?

जुन्या आवृत्त्यांत हा हमखास घोळ होतो आणि त्याचं कारण अगदी सरळ आहे. योगा फायर (दूर फेकलेला आगीचा गोळा): खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच. योगा फ्लेम (तोंडासमोरच पेटणारी ज्वाळा): मागे, खाली-मागे, खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच. म्हणजे फ्लेमच्या शेपटीत फायर पूर्ण बसतो. तुम्ही खाली-मागे दाबून मार अडवत असाल आणि तिथून काठी (जॉयस्टिक) फिरवून फायर मारायला गेलात, तर मशीनला मागे-खाली-पुढे असा अख्खा अर्धगोल दिसतो. ती मोठी आज्ञा आधी तपासते, आणि फ्लेम निघतो.

उपाय: अडवणं सोडून काठी क्षणभर मधे येऊ द्या, मग सरळ खालीपासून सुरुवात करा. नंतरच्या आवृत्त्यांत फ्लेमचा अर्धगोल उलटा, पुढून मागे केला, त्यामुळे हा घोळ मिटला. 'स्ट्रीट फायटर 6' मध्ये एकाच बटणावर खास मार देणारी सोपी पद्धतही आहे.

धालसिम शिकायला कुठून सुरुवात करावी?

आधी हातांपासून. आगीपासून नाही. प्रशिक्षणाच्या खोलीत जाऊन प्रत्येक पंच आणि किक कुठपर्यंत पोचते ते पाहा. बटणं सहा: हलका, मध्यम, जोरदार पंच आणि तशाच तीन किक. जवळ असताना त्याच बटणांवर आखूड मार निघतात. 'स्ट्रीट फायटर 2' च्या 'सुपर टर्बो' (1994) या आवृत्तीपासून मागे दाबून धरलं की दूर असतानाही आखूड मार मागवता येतो. हे लक्षात न ठेवल्यामुळे अंगावर आलेल्याला लांब हात फेकणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

मग योगा फायर. तो संथ सोडायचा, म्हणजे हलक्या पंचाने. संथ आग पुढे सरकतेय आणि तिच्या मागून तुम्ही हात फेकताय, अशी दुहेरी अडचण समोरच्यापुढे ठेवायची. तो आग अडवेल तर खालून पायावर मारा. उडी मारेल तर खाली बसून सरकती किक मारून त्याच्या खालून निघून जा. 'स्ट्रीट फायटर 2' मध्ये बसलेल्या किक सरकत जातात, त्याचा हाच उपयोग.

नाहीसं होऊन दुसरीकडे जाण्याची चाल 1992 च्या 'हायपर फायटिंग' या आवृत्तीपासून आहे: पुढे, खाली, खाली-पुढे (किंवा मागे, खाली, खाली-मागे) आणि तीन पंच किंवा तीन किक एकदम दाबून. ती घाबरून सुटायला वापरली की बहुधा मारच पडतो, कारण प्रकट झाल्यावर काही क्षण हालता येत नाही. समोरचा आग अडवण्यात गुंतला असताना वापरली तर तो दोन्हीकडून सापडतो.

पाहून शिकायचं असेल तर 'स्ट्रीट फायटर 4' च्या काळातले अमेरिकेचे फिलिपिनोचॅम्प आणि आर्तुरो सांचेझ, आणि जपानचा वायएचसी-मोची यांचे सामने शोधा. मोचीचे सामने हळू करून पाहा. तो किती वेळा काहीच करत नाही, हे मोजा.

आपल्याकडे हा गेम कसा पोचला?

व्हिडिओ गेम पार्लरमधून, आणि त्याहून जास्त टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलमधून. एका कार्ट्रिजवर '9999 गेम' लिहिलेलं असायचं आणि त्यात 'स्ट्रीट फायटर'ची कुणीतरी चोरून केलेली आवृत्ती असायची: पात्रं कमी, आवाज बेसूर. कॅपकॉमच्या याच सीपीएस-1 बोर्डच्या सुधारित आवृत्तीवर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा 1993 चा गेमही होता. तोच आपल्याकडे 'मुस्तफा' म्हणून ओळखला गेला.

धालसिमसारखं स्वतःचं पात्र बनवायचंय. कशात बनवू?

हाताने काढलेलं सपाट पात्र असेल तर मुगेन हे फायटिंग गेम बनवायचं इंजिन, किंवा त्याच्याच धाटणीवर चालणारं, मुक्त स्रोताचं इकेमेन गो. मुगेन 1999 पासून आहे आणि त्याच्यासोबत येणारं कुंग फू मॅन हे नमुना पात्र हीच तुमची पाठशाळा. कोऱ्या कागदापासून सुरू करू नका. त्याच्या फोल्डरची प्रत काढा, नाव बदला आणि एकेक भाग बदलत जा.

फाइली सहा प्रकारच्या असतात. डेफ म्हणजे अनुक्रमणिका. एसएफएफमध्ये सगळी चित्रं, एसएनडीमध्ये आवाज. एअरमध्ये कुठलं चित्र किती फ्रेम दिसेल आणि चौकोन कुठे. सीएमडीमध्ये बटणांच्या आज्ञा. सीएनएसमध्ये त्या आज्ञेनंतर पात्र काय करेल. हालचालींचे काही क्रमांक ठरलेले आहेत आणि ते चुकले तर पात्र उभंच राहत नाही: 0 उभं राहणं, 11 बसलेलं, 20 आणि 21 पुढे-मागे चालणं, 41 ते 43 उड्या, 5000 पासून पुढे मार खाणं. छोटं छायाचित्र 9000 या गटात, क्रमांक 0, आकार 25 बाय 25.

कामाचा क्रम असा ठेवा:

1. उभं राहणं, चालणं, बसणं, उडी. हे जमल्याशिवाय एकही मार काढायचा नाही.
2. मार खाण्याची आणि पडण्याची चित्रं. नवखे हे शेवटी ठेवतात आणि चाचणी करताना पात्र मधेच गायब होतं.
3. एक आखूड पंच. चौकोन लावा, दुसऱ्या पात्रावर लागतोय का बघा.
4. मग लांब हात.

लांब हात करताना नेमकं काय बिघडतं?

पहिलं, अक्ष. प्रत्येक चित्राला एक टेकू बिंदू असतो, आणि तो दोन पायांच्या मधे, जमिनीवर हवा. चित्र कापून घेताना बरेच जण तो चित्राच्या मध्यावर ठेवतात. आखूड चित्रांत ते खपून जातं. हात लांबला की चित्र रुंद होतं, त्याचा मध्य पुढे सरकतो, आणि पंच मारताना अख्खं पात्र मागे झटका खातं. पात्र थरथरतंय असं दिसलं की आधी अक्ष तपासा.

दुसरं, चौकोन. लाल चौकोन माराचे, निळे मार खाण्याचे. मुठीवर लाल लावला पण हातावर निळा लावायचा राहिला, तर तुमच्या पात्राच्या हाताला कुणीच हात लावू शकत नाही. ते खेळायला मजेचं आणि समोरच्याला असह्य. निळा चौकोन लाल चौकोनाच्या थोडा मागे थांबवा. मुठीचा पुढचा 10 ते 15 पिक्सेल भाग मोकळा ठेवला की नेम धरून मारणाऱ्याला बक्षीस मिळतं आणि बाकीच्यांना धोका राहतो.

तिसरं, आज्ञांचा क्रम. सीएमडी फाइल वरून खाली वाचली जाते. अर्धगोलाची आज्ञा वर, पाव गोलाची खाली, साधे पंच सगळ्यात खाली. उलटं केलं तर फ्लेमच्या जागी सतत फायर किंवा नुसता पंच निघतो. आज्ञा पूर्ण करायला 15 फ्रेमची मुदत पाव गोलाला पुरते. अर्धगोलाला ती थोडी वाढवा.

त्रिमितीत करत असाल तर?

हाताचं हाड लांबीच्या दिशेने ताणलं की त्याची लेकुरं, म्हणजे मनगट आणि बोटं, तीही ताणली जातात. मूठ भोपळ्यासारखी होते. पुढच्या हाडांनी मोजमापाचा वारसा घेऊ नये अशी खूण ब्लेंडर या त्रिमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, ती लावा. दंडावर कडं असेल तर ते हाताला चिकटवू नका, स्वतंत्र हाड द्या; नाहीतर गोल कडं अंडाकृती होतं. आणि हात जितका लांब तितका थोडा बारीक करा. तसं केलं नाही तर मांस कुठून आलं असा प्रश्न डोळ्याला पडतो.

मराठी मातीतलं पात्र करायचं असेल तर?

कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल हे अजून कुणी नीट न काढलेलं पात्र आहे, आणि त्यासाठी सगळं सामान तयार आहे. मांडीवर-दंडावर शड्डू ठोकणं ही डिवचण्याची चाल. ढाक, धोबीपछाड, मोळी, कलाजंग हे खास डाव, प्रत्येकाची पकड वेगळी. अंगाला लाल माती, कंबरेला लंगोट. मागे हलगी. अंतराच्या पटावर तो झँगिफच्या शेजारी बसेल, मग त्याला वेगळं काय द्यायचं ते ठरवा: पकड आखूड पण डाव जोडता येणारे, की एका डावातून दुसऱ्यात जाण्याची लवचीकता. डाव तालमीत जाऊन वस्तादांकडून पाहा आणि परवानगीने चित्रित करा. जालावरचं छायाचित्र बघून काढलेला ढाक बहुतेकदा चुकीच्या हाताने धरलेला असतो.

पात्र डावीकडून उजवीकडे वळलं की अंगावरच्या खुणा उलट्या होतात. हे टाळता येतं का?

सपाट चित्रांत पात्राने तोंड फिरवलं की तेच चित्र आरशासारखं उलटं दाखवतात. दुप्पट चित्रं कोण काढणार? म्हणून जुन्या 'स्ट्रीट फायटर 2' मध्ये सगात या एकाक्ष पात्राची डोळ्यावरची पट्टी दिशेनुसार डोळा बदलते. पट्टीचं चालून गेलं.

पण तुमच्या पात्राला जानवं असेल, तर ते डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेखाली असतं. चित्र उलटलं की ते उजव्या खांद्यावर जातं, म्हणजे सव्याचं अपसव्य होतं. अपसव्य श्राद्धात करतात. पात्र प्रत्येक उडीनंतर पितृकार्याला बसल्यासारखं दिसेल, आणि हे मराठी प्रेक्षकाच्या लगेच लक्षात येईल. कुडत्यावर अक्षरं काढली तर ती उलटी वाचली जातील. खोचलेला पदर, एका दंडावरचा ताईत, कपाळाच्या एका बाजूची जखम, सगळ्यांचं तेच.

वाटा तीन. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या खुणा घ्या: तुळशीची माळ, कपाळाच्या मधोमध गंध, दोन्ही दंडांवर कडी. धालसिमच्या डोक्यावरचे पट्टे आणि गळ्यातली माळ याच प्रकारातल्या आहेत. दुसरी वाट म्हणजे जानवं वेगळ्या थरावर काढून प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र चित्र. उभं राहण्याच्या 6 चित्रांना ते सोसतं, 300 चित्रांच्या पात्राला महागात पडतं. तिसरी वाट त्रिमितीची, जिथे पात्र खरोखर वळवता येतं. पण तिथेही आधी तपासा: बरीच इंजिनं त्रिमितीतलं पात्रसुद्धा आरशासारखंच उलटं करतात, म्हणजे बटणांची आणि चौकोनांची गणितं दोन्ही दिशांना सारखी राहतात. ती खूण कुठे आहे ते शोधून, पहिली हालचाल करण्याआधीच ठरवा.